एन्ट्री लेव्हल टर्नटेबल : नवीन घ्यावं की आहे त्याचाच आवाज सुधारावा?

फिरती_तबकडी
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अशोक चौकाच्या बाजूला राहतो. मामांकडून आलेल्या बऱ्याच एलपी आहेत, जास्त करून शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, थोडी भावगीतं, शिवाय एका लाकडी पेटीत ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या आहेत, त्या अजून वाजवल्या नाहीत. माझ्याकडे ऑडिओ टेक्निकाचं एटी-एलपी६०एक्स आहे, होम थिएटरच्या २.१ सेटला जोडलंय. सुरुवातीला छान वाटायचं पण आता कान जास्त मागायला लागलाय. तीन गोष्टी खटकतात. एक, बाजू संपत आली की शेवटच्या गाण्यात आवाज फाटतो, गायकाचा 'स' आणि 'श' कानाला चिरतो. दुसरं, तबल्याचा डग्गा घुमतो, त्यात बोल कळतच नाहीत. तिसरं, व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर नेला की घूंऽऽ असा आवाज चालू होतो आणि वाढतच जातो. विकून टाकून नवीन घ्यावं का? बजेट २० हजारांच्या आसपास. सोलापुरात ऐकून घ्यायला तसं दुकान नाही म्हणून इथं विचारतोय.

होटगी_रोड_काका
विकू नका. आधी सगळं नीट सांगा. प्लेअर कशावर ठेवलाय, स्पीकर कुठं आहेत, सुई कधी बदलली, प्लेअरच्या मागच्या बाजूला फोनो/लाइन असं बटण आहे (लाइन म्हणजे आतला प्रीअॅम्प चालू, फोनो म्हणजे बंद) ते कशावर आहे? आणि रेकॉर्ड कुठं ठेवता? तुमचा तिसरा त्रास वाचूनच कळतंय की निम्मा दोष प्लेअरचा नाहीच, त्याच्या जागेचा आहे.

फिरती_तबकडी
काका धन्यवाद. प्लेअर टीव्हीच्या शोकेसवर आहे, दोन्ही छोटे स्पीकर त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला आणि सबवूफर खालच्या कप्प्यात. बटण लाइनवर आहे. सुई कंपनीतून आली तीच. रेकॉर्ड माळ्यावर एकावर एक रचलेल्या आहेत, स्लॅब वरचाच आहे त्यामुळे उन्हाळ्यात तिथं तापतं. आणि घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग आहेत, दिवसभर चालू असतात, आम्हाला सवय झालीये.

माग_आणि_सूर
मालक, मी पण पूर्व भागातलाच, आमचं घरच मागावर चालतं त्यामुळं हे मला विचारा. एक टेस्ट करा. टर्नटेबलची मोटर बंद ठेवायची, तबकडी फिरवायची नाही, नको असलेली एखादी रेकॉर्ड ठेवून सुई त्यावर अलगद टेकवा, अॅम्प चालू करा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवत न्या, स्पीकरला कान लावा. माग चालू असताना करायचं हे. बघा काय ऐकू येतं ते.

आमच्या घरी मी हे केलं तेव्हा वूफरमधून धोट्याची खटक-खटक स्वच्छ ऐकू आली, म्हणजे भिंतीपलीकडचा माग जमिनीतून शोकेसमध्ये, शोकेसमधून प्लेअरमध्ये आणि तिथून सुईत. सुईला कळत नाही ना की हालचाल ग्रूव्हमुळं (तबकडीवरच्या बारीक खाचेमुळं) झाली की जमिनीमुळं, तिला हललं म्हणजे आवाज. आणि तुमचं ते घूंऽऽ म्हणजे सबवूफर खालच्या कप्प्यातून शोकेस हलवतो, शोकेस सुई हलवते, सुईचा आवाज परत सबवूफरमधून येतो आणि चक्र वाढत जातं. डग्गा घुमतो तो पण त्यामुळंच, जे मूळ रेकॉर्डमध्ये नाही ते प्रत्येक ठोक्याला मिसळतंय. यात दहा लाखाचा प्लेअर आणून ठेवला तरी शोकेस तीच असेल तर तेच होणार.

उपाय सांगतो, सगळं सोलापुरात मिळतं. पहिलं, सबवूफर तिथून काढा आणि जमिनीवर दुसऱ्या भिंतीला न्या, स्पीकर पण प्लेअरच्या टेबलावर नकोत, वेगळ्या स्टूलवर. दुसरं, फरशीवाल्याकडून शहाबादी फरशीचा तुकडा कापून घ्या, प्लेअरपेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठा आणि जाड असेल तेवढा चांगला. तिसरं, लहान मुलांच्या सायकलची १२ इंची ट्यूब आणा, तिच्यात अगदी थोडी हवा भरा, टणक होता कामा नये, ती टेबलावर आडवी ठेवा, त्यावर फरशी, फरशीवर प्लेअर. व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला येऊ द्या म्हणजे हवा कमी-जास्त करता येते. मग गवंड्याची पाणसळ प्लॅटरवर (फिरणाऱ्या थाळीवर) आडवी-उभी ठेवून लेव्हल बघायची, एका अंगाला कलत असेल तर फरशी ट्यूबवर जरा सरकवायची. फरशीचं वजन आणि खाली हवा, दोन्ही मिळून मागाचा ठोका वर येऊ देत नाहीत. तुमचा प्लेअर जेमतेम अडीच-पावणेतीन किलोचा, त्याला स्वतःचं वजन नाही, म्हणून खाली दगड पाहिजे.

नवी_पेठ_रेडिओ
फरशी कशाला, सोलापुरी चादर चौघडी करून खाली घातली तर? माझ्याकडे तसंच आहे, फरक पडतो.

माग_आणि_सूर
फरक पडतो अण्णा पण चादर एकसारखी दबत नाही, पायाखाली जास्त बसते आणि महिन्याभरात प्लेअर तिरका होतो, मग सुई एका भिंतीवर जास्त घासते. शिवाय चादरीचा बारीक कापूस सगळा सुईला चिकटतो. कपडा नकोच.

सुई_आणि_ग्रूव्ह
जागेचं वर सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर. त्याचं एक कारण जोडतो. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो आणि वरच्या पट्टीचा आवाज वाढवलेला, नाहीतर खर्जाच्या लाटा एवढ्या रुंद होतील की एका बाजूला वीस मिनिटं बसणारच नाहीत. ऐकताना फोनो प्रीअॅम्प, म्हणजे सुईकडून येणारा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट, ते उलटं करतो. हे प्रमाण १९५४ च्या सुमारास ठरलं, त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात. त्यात २० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या मानाने साधारण वीस डेसिबल वाढ मिळते, म्हणजे व्होल्टेज नऊ-दहा पट. आता मागाची धडधड, जिन्यावरची पावलं, सबवूफर हे सगळं नेमकं त्याच पट्ट्यात येतं आणि तेही तेवढंच वाढतं. म्हणून टर्नटेबलला जागेचं जेवढं वावडं आहे तेवढं सीडीला किंवा मोबाइलला नाही.

आता तुमच्या पहिल्या तक्रारीकडे येतो, शेवटच्या गाण्यात 'स' चिरणं. प्लॅटर फिरतो मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनीच, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर ग्रूव्ह जातो आणि आत लेबलजवळ २१ च्या आसपासच. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. 'स' म्हणजे फार बारीक आणि दाट लाटा. तुमच्या प्लेअरवर जी सुई येते ती गोल टोकाची, कोनिकल. गोल टोक त्या बारीक वळणात पूर्ण शिरत नाही, वरच्यावर उड्या मारतं आणि ते आपल्याला फाटल्यासारखं ऐकू येतं. एलिप्टिकल टोक पुढून-मागून पातळ असतं त्यामुळे ते जास्त आत जातं.

या मॉडेलचं कार्ट्रिज (सुईची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी) टोनआर्ममध्ये, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीत, कायमचं बसवलेलं आहे, ते बदलता येत नाही, पण सुई पुढे ओढली की निघते. त्या मापाच्या एलिप्टिकल सुया इतर कंपन्या बनवतात. हा तुमचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक असेल. अपेक्षा मात्र नीट ठेवा, चिरणं कमी होईल, शून्य होणार नाही, कारण या आर्मचं वजन आणि कोन कारखान्यात ठरवलेले आहेत, आपल्याला हलवता येत नाहीत.

सुईच्या आयुष्याचं पण लक्षात ठेवा. ऑडिओ टेक्निका स्वतःच कोनिकलला ५०० तास, एलिप्टिकलला ३०० तास धरायला सांगते. रोज एक-दीड तास ऐकणारा माणूस वर्षभरात तिथं पोचतो. झिजलेली सुई आवाज बिघडवते ते आहेच, पण ती रेकॉर्डच्या भिंती तासते आणि तासलेली रेकॉर्ड कुठलीही सुई लावली तरी परत येत नाही. मामांच्या रेकॉर्ड परत छापल्या जाणार नाहीयेत, म्हणून आज सुई बदला.

होटगी_रोड_काका
यातलं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर लावा. आमच्या लहानपणी एचएमव्हीच्या फिएस्टा प्लेअरवर सुई उडायला लागली की आर्मच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवायचे, त्या प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज, आधीच दाब जास्त, त्यात नाणं. आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या अर्ध्या रेकॉर्डवर जो खरखर पडदा असतो तो त्या नाण्यांचा आहे. उडणाऱ्या सुईचं कारण शोधायचं, वजन टाकायचं नाही. हल्ली मिळणाऱ्या सूटकेस प्लेअरबद्दल पण माझं मत तेच, दिसायला गोड आहेत पण सिरॅमिक कार्ट्रिजचा दाब पाच-सहा ग्रॅमपर्यंत जातो, मामांच्या एलपीला ते लावू नका.

माळ्यावरून रेकॉर्ड आजच्या आज खाली काढा. सोलापूरचा मे महिना ४२-४३ अंशाचा, स्लॅबखालचा माळा त्याहून तापतो, त्यात एकावर एक थप्पी म्हणजे खालच्यांवर सगळा भार. पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, फार घट्ट नाही आणि कलतील एवढ्या सैलही नाही, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या नकोत.

जुळे_सोलापूरची_ताई
धुण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी गाणं शिकवते, मुलींना ऐकवायला रेकॉर्डच लावते, त्यामुळे माझ्या तबकड्या सतत हाताळल्या जातात. आपल्याकडे धूळ बारीक आणि कोरडी, त्यात हिवाळ्या-उन्हाळ्यात हवेत ओलावा नसल्यामुळे रेकॉर्डवर स्थिर वीज तयार होते आणि ती धूळ ओढून घेते. प्लेअरबरोबर फेल्टची जी मॅट येते ती रेकॉर्डला चिकटून वर येते ना, ते त्याचंच लक्षण. पातळ रबरी किंवा कॉर्कची मॅट घ्या, पण पातळच, कारण या प्लेअरचा आर्म वर-खाली करता येत नाही, जाड मॅट घातली तर सुईचा कोन बदलतो.

रोज वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश, रेकॉर्ड फिरत असताना हलकेच टेकवायचा आणि बाहेरच्या बाजूला ओढून घ्यायचा. मामांच्या रेकॉर्ड इतकी वर्षं माळ्यावर होत्या म्हणजे त्यांना एकदा ओलं धुणं लागणारच. नळाचं नाही, बोअरचं तर अजिबात नाही, बोअरच्या पाण्यातले क्षार ग्रूव्हमध्ये बसतात आणि वाळले की तोच किरकिर आवाज. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. एका वाडग्यात पाणी, भांड्याच्या लिक्विड साबणाचा अगदी एक थेंब, रंगाच्या दुकानातला मऊ केसांचा रुंद ब्रश. लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही, मी प्लास्टिकच्या डब्याचं झाकण लेबलवर दाबून धरते. ब्रश गोल गोल, ग्रूव्हच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा घासायचा नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा, मग मायक्रोफायबरने टिपायचं, पुसायचं नाही, आणि ताटाळ्यात ताटं ठेवतो तशा उभ्या वाळवायच्या, सावलीत. जुनी कागदी पिशवी परत वापरू नका, तिच्यातच बुरशी असते, नवीन पॉलिथिनचं अस्तर असलेली पिशवी घ्या.

आणि एक फार महत्त्वाचं. ७८ च्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं कुठलंही क्लीनर लावू नका. त्या व्हिनाइलच्या नाहीत, लाखेच्या आहेत. फर्निचरवाले लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतात, तसंच तबकडीचं होईल, ग्रूव्ह विरघळतील. त्यांना फक्त डिस्टिल्ड पाणी, पटकन, भिजत न ठेवता, लगेच टिपून घ्यायचं.

फिरती_तबकडी
एवढं कुणी सांगितलं नव्हतं. अपडेट देतो.

माग_आणि_सूर यांनी सांगितलेली टेस्ट केली, माग चालू असताना. खरंच ऐकू आलं, आणि घरातलं कुणी स्वयंपाकघरातून चालत आलं तर प्रत्येक पाऊल वूफरमधून धप्प असं. सबवूफर समोरच्या भिंतीला नेला, स्पीकर दोन स्टुलांवर, शहाबादी फरशीचा तुकडा घेतला, कडा घासून दिल्या त्यांनी, आणि ट्यूब. हवा किती भरायची त्यात बराच वेळ गेला, जास्त झाली की फरशी डुलते आणि कमी झाली की टेबलाला टेकते, शेवटी बोटाने दाबल्यावर अर्धी दबेल एवढी ठेवली. आता तीच टेस्ट केली तर मागाचा आवाज अगदी कान लावला तरच, तोही पुसट. घूंऽऽ पूर्ण गेलं. आणि डग्गा! भीमसेन जोशींची एक एलपी आहे, विलंबित ख्यालाची, तिच्यात डग्ग्याची घिसीट आधी नुसती हूं अशी यायची, आता हाताचा तळवा पुडीवरून सरकतोय ते कळतं, आणि तानपुऱ्याचा जोड वेगळा ऐकू येतो, तो आधी कुठं होता कुणास ठाऊक.

एलिप्टिकल सुई मागवलीये. दहा रेकॉर्ड ताईंच्या पद्धतीने धुतल्या. आता प्रश्न हा की २० हजारांतले अजून फार गेलेच नाहीत. ते कशात घालू, वेगळा फोनो प्रीअॅम्प की स्पीकर की नवीन टर्नटेबल?

होटगी_रोड_काका
स्पीकर. माझं सरळ मत. २.१ च्या सेटमध्ये छोटे स्पीकर असतात त्यांना मधला पट्टा नीट येतच नाही आणि माणसाचा गळा, हार्मोनियम, सारंगी सगळं त्याच पट्ट्यात आहे. सबवूफर खाली एकटाच बडवतो आणि मध्ये खड्डा राहतो. एक बऱ्यापैकी बुकशेल्फ जोडी, पाच-साडेपाच इंची वूफरची, अॅम्प आतच असलेली घ्या म्हणजे वेगळा अॅम्प लागत नाही. कानाच्या उंचीवर, दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमचं त्यांच्यापासूनचं अंतर साधारण सारखं, भिंतीपासून वीतभर तरी पुढे.

सुई_आणि_ग्रूव्ह
काकांशी इथं थोडा मतभेद आहे. स्पीकर मोठा फरक करतात हे मान्य, पण जे सुईने उचललंच नाही ते स्पीकर कुठून आणणार? आता जागा सुधारली, सुई बदलतेय, तर पुढची मर्यादा टोनआर्म हीच आहे. ज्या प्लेअरला काउंटरवेट (आर्मच्या मागचं, सुईचा दाब ठरवणारं वजन) आहे, अँटीस्केट (आर्म आतल्या बाजूला ओढला जाऊ नये म्हणून उलटी ओढ) आहे, हेडशेल (कार्ट्रिज बसवायचं पुढचं टोक) सुटतं, असा प्लेअर घेतला की पुढे कार्ट्रिज चढवत जाता येतं. उदाहरणार्थ ऑडिओ टेक्निकाचीच व्हीएम९५ मालिका, बॉडी एकच राहते आणि नुसती सुई बदलून कोनिकल, एलिप्टिकल आणि त्याहून बारीक टोकाच्या मायक्रोलिनियर, शिबाता अशा पायऱ्या चढता येतात. मायक्रोलिनियरचं आयुष्य कंपनी १००० तास सांगते, म्हणजे महाग वाटली तरी तासाच्या हिशोबाने एलिप्टिकलच्या फार पुढे जात नाही. आतल्या गाण्यांतलं ते चिरणं खऱ्या अर्थाने मायक्रोलिनियरनेच जातं. पण असा प्लेअर २० हजारांत नवीन बसणार नाही, हेही खरं.

फोनो प्रीअॅम्पमध्ये मात्र आत्ता पैसे घालू नका, आतला आहे तो या कार्ट्रिजला पुरतो.

होटगी_रोड_काका
म्हणजे आत्ता २० हजारात स्पीकर, आणि प्लेअर पुढच्या वर्षी. भांडण कुठं आहे? स्पीकर उद्याच्या प्लेअरला पण चालणार आहेत.

पुणे_जुना_बाजार
सेकंड हँड बघा ना. पुण्यात जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारात जुने जपानी डायरेक्ट ड्राइव्ह (पट्ट्याशिवाय, मोटर थेट थाळी फिरवते असे) अधूनमधून येतात. मोटर मजबूत असते, आर्म चांगला असतो.

फिरती_तबकडी
सेकंड हँडवरून आठवलं, चुलतभाऊ दिवाळीत अमेरिकेतून येतोय, तिकडून आणायला सांगू का? तिकडे स्वस्त पडतं म्हणतो.

सुई_आणि_ग्रूव्ह
दोन्हीचं एकत्र सांगतो कारण धोका एकच आहे. व्होल्टेज सगळे बघतात, फ्रिक्वेन्सी कुणी बघत नाही. अमेरिकेत ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० आणि ५०. काही टर्नटेबलमध्ये एसी सिंक्रोनस मोटर असते, तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावलात तरी ५० हर्ट्झवर ती ३३⅓ ऐवजी २७.८ ने फिरणार, गायक साधारण तीन अर्धस्वर खाली. ट्रान्सफॉर्मर फ्रिक्वेन्सी बदलत नाही. त्या मोटरला पुली बदलावी लागते. डीसी मोटर किंवा सर्व्हो डायरेक्ट ड्राइव्ह असेल आणि अॅडाप्टरवर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर बिनधास्त आणा.

भावाला सांगा, प्लॅटर, काउंटरवेट आणि हेडशेल काढून वेगवेगळं गुंडाळायचं, आर्म क्लिपला वायरच्या बांधणीने बांधायचा, बेअरिंगवर प्लॅटर ठेवून बॅगेत टाकलं तर बेअरिंग खराब होतं.

जुना घेतलात तर आधी वेग तपासा. स्ट्रोब डिस्क (रेघांची गोल चकती) छापून घ्या, ५० हर्ट्झसाठी ३३⅓ ला १८० रेघा, चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसल्या पाहिजेत. एलईडीखाली ही टेस्ट बहुतेक वेळा होत नाही कारण तो तसा लुकलुकत नाही.

नवी_पेठ_रेडिओ
जुन्या अॅम्प्लिफायरबद्दल एक. माझ्याकडे वडिलांच्या वेळचा आहे, मागे मॅग्नेटिक आणि सिरॅमिक अशी दोन वेगळी सॉकेट आहेत. कुणी असा जोडला तर मॅग्नेटिकमध्ये जोडायचा, आणि तेव्हा प्लेअरचं बटण फोनोवर. प्लेअर लाइनवर आणि सॉकेट मॅग्नेटिक असं झालं तर तीच आरआयएएची दुरुस्ती दोनदा होते, खर्ज भरमसाट आणि आवाज फुटतो. त्यावर मोनोचं बटण असेल तर जुन्या मोनो एलपीला ते दाबा, मोनो रेकॉर्डमध्ये आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, उभ्या हालचालीतली खरखर दोन्ही बाजू एकत्र झाल्या की बरीच कटते. माणिक वर्मांची एक जुनी मोनो एलपी मी तशीच ऐकतो, पुष्कळ फरक आहे.

आणि हम्म येत असेल तर आधी घराचं अर्थिंग बघा, जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते. स्टॅबिलायझर प्लेअरपासून लांब.

फिरती_तबकडी
सुई आली आणि बसवली. नाट्यगीतांच्या रेकॉर्डचं शेवटचं पद लावलं, 'स' आता 'स' सारखा येतो, अगदी कडेला थोडं टोचतं तेवढंच. स्पीकरची जोडी पण घेतली, काकांनी सांगितलं तशी. सारंगी गाण्याच्या मागे कुठंतरी असायची ती आता डाव्या हाताला बसलेली ऐकू येते. भाऊ काउंटरवेटवाला प्लेअर आणतोय, डायरेक्ट ड्राइव्ह, ७८ चा वेग पण आहे त्याला, अॅडाप्टर दोन्ही व्होल्टेजचा, फोटो मागवून बघितला. कार्ट्रिज व्हीएम९५ई. आल्यावर जुळवायचं कसं ते सांगून ठेवा की ओ. आणि ७८ च्या पेटीचं काय करू, त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आहेत.

होटगी_रोड_काका
जुळवणी अशी. लेव्हल आधी, पाणसळीने. अँटीस्केट शून्यावर, सुईचं टोपण काढा, काउंटरवेट मागे-पुढे करून आर्म हवेत आडवा तरंगेल असा ठेवा. तसं झालं की काउंटरवेट न हलवता फक्त पुढची आकड्यांची रिंग शून्यावर आणा, आणि मग सगळं मिळून फिरवून २ वर. व्हीएम९५ई ला १.८ ते २.२ ग्रॅम चालतं, २ च ठेवा. कमी दाब म्हणजे रेकॉर्डची काळजी असं लोकांना वाटतं पण फार कमी दाबात सुई ग्रूव्हमध्ये आपटत जाते, ते जास्त वाईट. रिंगवर विश्वास ठेवायचा नसेल तर सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घ्या, त्याची तबकडी लोखंडी नको, कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि आकडा चुकतो. मोजताना सुई रेकॉर्डच्या उंचीवरच असू द्या. अँटीस्केट पण २ वर ठेवून सुरू करा, एका बाजूचा 'स' जास्त फाटत असेल तर थोडं इकडं-तिकडं.

मग प्रोट्रॅक्टर, म्हणजे कार्ट्रिजचा कोन जुळवायचा छापील नकाशा. नेटवरून छापून घेणार असाल तर झेरॉक्सवाल्याला शंभर टक्के मापातच काढायला सांगा, कागदाला बसवायचा ऑप्शन बंद. छापल्यावर त्यावरची मापाची रेघ पट्टीने तपासा, एक मिलिमीटरचा फरक पण चालत नाही. दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिजच्या कडा रेघांना समांतर आल्या की स्क्रू आवळायचे, दोन्ही थोडे थोडे आळीपाळीने, एकच पूर्ण आवळला तर कार्ट्रिज फिरतं.

जुळे_सोलापूरची_ताई
खाँसाहेबांच्या तबकड्या एलपीच्या सुईने लावू नका. ७८ चा ग्रूव्ह एलपीच्या ग्रूव्हपेक्षा बराच रुंद, बारीक सुई त्याच्या तळाशी जाऊन पडते, जिथं सगळा कचरा साठलेला असतो, भिंतींना ती लागतच नाही. तुमच्या व्हीएम९५ बॉडीवर बसणारी ७८ ची वेगळी सुई मिळते, एसपी नावाची, तिला दाब बराच जास्त लागतो, डबीवर लिहिलेला असेल तेवढा ठेवा आणि एलपीवर परत येताना काउंटरवेट परत २ वर आणायला विसरू नका. शिवाय त्या काळात प्रत्येक कंपनीचा कर्व्ह वेगळा होता, आरआयएए नंतरचं, त्यामुळे वरची पट्टी दबल्यासारखी वाटेल, अॅम्पवर ट्रेबल थोडा वाढवून बघा.

तबकडी उचलताना दोन्ही हातांनी कडेने, एका हाताने एकच कड धरून उचलू नका, लाख ठिसूळ असते. तडा गेलेली असेल तर लावूच नका, सुईचं टोक तड्यात अडकून तुटतं. एक-एक तबकडी कोरड्या मऊ ब्रशने झाडून, लेबलचा फोटो काढून मला पाठवा, कुठलं लेबल, काय नंबर ते बघून मग ठरवू आधी कुठली लावायची.

फिरती_तबकडी
ताई, आज रात्री माग बंद झाल्यावर पेटी उघडतो आणि फोटो टाकतो.